माहेरची साडी आणि आमची मोजपट्टी

(बी. ए. भाग २)

गेल्या पावसाळ्यात मराठीच्या तासाला आमच्या वर्गात एक वाद झाला. साहित्य आणि चित्रपट यांच्या नात्याविषयी सर बोलत होते. बोलता बोलता त्यांनी विचारले, "तुमच्या घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहिलेला एखादा मराठी चित्रपट सांगा बरे." मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, "माहेरची साडी!" आणि सारा वर्ग खो खो हसला. मीही हसले. हे आधीच कबूल करते, कारण पुढे जे लिहायचे आहे त्याची सुरुवात त्या हसण्यापासूनच आहे.

हसे ओसरल्यावर वादाला तोंड फुटले. एका मैत्रिणीने ठणकावून सांगितले, "असले चित्रपट आता दाखवूच नयेत. बाईने सोसावे, रडावे आणि मरून जावे, एवढेच ते शिकवतात." दुसऱ्या बाजूने उत्तर आले, "जुन्या चित्रपटाला आजच्या मोजपट्टीने मोजणे हा अन्याय आहे. तो काळच तसा होता." तिसरा पक्ष नेहमीप्रमाणे म्हणाला, "करमणूक आहे, एवढे काय मनावर घ्यायचे?" घंटा झाली आणि वाद तसाच राहिला. जाता जाता सर म्हणाले, "कोणीतरी वार्षिकांकासाठी लिहा यावर." मी लिहायचे ठरवले.

वास्तविक चित्रपटावर लिहिण्याचा माझा अधिकार काही मोठा नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील नववीत शाळा सोडून वावरात गेले, आई सातवीपर्यंत शिकली. घरात छापील कागद म्हणजे बियाण्याची पावती, लग्नपत्रिका आणि माझी पुस्तके. परंतु 'माहेरची साडी' आमच्या घरात पुस्तकांच्या आधीपासून होती. म्हणून दोन शब्द लिहिण्याचे धाडस करते आहे.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. 'माहेरची साडी' १९९१ साली प्रदर्शित झाला. विजय कोंडके यांनी तो दिग्दर्शित केला. अलका कुबल यांनी नायिका लक्ष्मीची भूमिका केली आणि त्या एका भूमिकेने त्यांचे नाव घराघरांत पोचले. विक्रम गोखले, उषा नाडकर्णी, अजिंक्य देव, रमेश भाटकर अशी ओळखीची माणसे त्यात होती. कथा थोडक्यात अशी : मुलीच्या जन्माबरोबर तिची आई जाते आणि वडील त्या मृत्यूचा दोष तान्ह्या मुलीवर ठेवतात. ती पांढऱ्या पायाची ठरते. बापाचा राग, सावत्र आईचा जाच, भावाची तेवढी माया, आणि लग्नानंतर सासूचा छळ. लक्ष्मी सारे सोसते. शेवटी तिच्या वाट्याला मरण येते. ज्या माहेराच्या मायेसाठी ती जन्मभर झुरली, ती माया मिळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. हीच गोष्ट आधी राजस्थानी भाषेत 'बाई चाली सासरिये' या चित्रपटात आली होती आणि पुढे १९९४ साली हिंदीत 'साजन का घर' या नावाने आली. म्हणजे हे रडू एकट्या महाराष्ट्राचे नव्हते. तीन भाषांतल्या बायकांना ही गोष्ट आपली वाटावी अशी निर्मात्यांची खात्री होती.

आता पहिला प्रश्न. "तो काळच तसा होता" हे म्हणणे कितपत खरे आहे?

१९९१ हा काही शिवकाळ नव्हे. त्या वर्षी आमचे कित्येक प्राध्यापक स्वतः कॉलेजात शिकत असतील. त्या काळात लोकांना काय ठाऊक होते आणि काय नव्हते, हे शोधायला ताम्रपट लागत नाहीत. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. सासरच्या छळाविरुद्ध भारतीय दंड संहितेत ४९८ अ हे कलम १९८३ साली आले, म्हणजे चित्रपटाच्या आठ वर्षे आधी. त्याच १९८३ साली ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' हे नाटक रंगमंचावर आले आणि स्त्रीमुक्ती संघटनेने ते गावोगाव नेले. १९८२ साली जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' आला. त्यातली स्मिता पाटील यांनी उभी केलेली सुलभा महाजन घराबाहेर पडून महिलाश्रमात काम करते. परत आल्यावर घरात तिच्यासाठी जागा उरलेली नाही असे दिसताच ती पुन्हा बाहेर पडते. तिच्या निवडीबद्दल आपण वाद घालू शकतो, पण ती निवड करते हे नाकारता येत नाही.

आणखी मागे जाऊ. प्रभात फिल्म कंपनीचा 'कुंकू' १९३७ सालचा. दिग्दर्शक व्ही. शांताराम, मूळ कथा ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीची. शांता आपटे यांची नीरा ही पोरकी मुलगी. तिला फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधले जाते. परंतु नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते, आणि तोही त्याच घरात राहून. केशवराव दात्यांनी रंगवलेल्या त्या म्हाताऱ्यालाच अखेर आपला अपराध उमगतो. हा चित्रपट 'माहेरची साडी'च्या चोपन्न वर्षे आधीचा! आजची मोजपट्टी जुन्याला लावू नये म्हणणाऱ्यांनी सांगावे, नीरा कोणत्या काळाची आणि लक्ष्मी कोणत्या काळाची?

आणि ज्यांना त्याही मागे जायचे असेल त्यांना लांब जाण्याची गरज नाही. ताराबाई शिंदे आमच्या बुलढाण्याच्या. १८८२ साली त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध लिहिला. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला चालला. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर जी चिखलफेक झाली तिचा संताप येऊन ताराबाईंनी लेखणी उचलली. जे दुर्गुण बाईच्या माथी मारले जातात ते पुरुषात नाहीत काय, हा त्यांचा सवाल होता. समाजाच्या रूढी तर त्यांनी सोडल्या नाहीतच, परंतु त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांतून बाईचे जे चित्र रंगवले जात होते त्यालाही त्यांनी धारेवर धरले. म्हणजे आम्ही वर्गात ज्याला 'आजची मोजपट्टी' म्हणत होतो ती बुलढाण्याच्या एका बाईच्या हातात एकशे चाळीस वर्षांपूर्वी होती. महात्मा फुल्यांनी तिची बाजू घेतली. पुढे मात्र तो निबंध विस्मृतीत गेला, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला. मोजपट्टी अशी अडगळीत पडली होती. आम्ही ती शोधली नाही आणि म्हणालो की तेव्हा मोजपट्टीच नव्हती.

म्हणून माझे पहिले मत असे की, 'माहेरची साडी'ला काळाची ढाल देता येत नाही. आजच्या नव्हे, १९९१ च्याच मोजपट्टीने तो चित्रपट तोकडा पडतो. बाईचा छळ होतो हे दाखवणे हा त्याचा दोष नव्हे. छळ होत होताच आणि होतोही. दोष असा की, बाईचे सोसणे हाच तिचा मोठेपणा असे तो ठसवतो. दुसरा दोष, खलनायिका म्हणून तो पुढे करतो सावत्र आईला आणि सासूला. ज्या बापाने पोटच्या पोरीला अवलक्षणी ठरवले तो मात्र शेवटच्या पश्चात्तापाच्या चार अश्रूंवर सुटून जातो. घर कोणाच्या नावावर, शेत कोणाच्या नावावर, निर्णय कोणाच्या हातात, हे प्रश्न चित्रपटाला पडतच नाहीत.

इथपर्यंत लिहिले आणि मला वाटले, लेख संपला. टाळ्या घेण्यासारखे झाले होते. दिवाळीत गावी गेले तेव्हा तो कागद बरोबर होता.

भाऊबिजेच्या आदल्या दिवशी दुपारी आई शेंगा फोडत बसली होती. माझ्या मोबाईलवर मी लेखासाठी तो चित्रपट पुन्हा लावला. आवाज ऐकून आई जवळ सरकली. थोड्या वेळाने पाहते तर शेंगा सुपात तशाच आणि आईचा पदर डोळ्याला. मला हसू आले. मी म्हटले, "आई, अगं किती वेळा रडशील? शेवट तर तुला पाठ आहे." आई माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "हासू नोको वं बाई. आमाले रडाले दुसरी जागा कुठी होती?"

मग तिने सांगितले. चित्रपट आला तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. तिच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, आयुष्यात टॉकीजमध्ये जाऊन पाहिलेला तो एकमेव चित्रपट. गल्लीतल्या बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तालुक्याला गेल्या होत्या. घरच्या पुरुषांनी परवानगी दिली, कारण चित्रपट 'घरेलू' होता. त्यात वाईट काही नव्हते. टॉकीजमध्ये अंधार झाला आणि थोड्या वेळाने पुढची बाई रडू लागली, मग शेजारची, मग सगळ्याच. सासू पडद्यावर आली की बाया तिला शिव्या देत. आजी घरी कधी रडली नव्हती. आजोबांनी हात उगारला तेव्हाही नाही. त्या दिवशी मात्र तिने शेजारणीच्या खांद्यावर डोके टेकून रडून घेतले, आणि लहानगी माझी आई घाबरून आईचा हात धरून बसली. परतताना ट्रॉलीत कोणी बोलले नाही. घरी आल्यावर आजीने चूल पेटवली.

हे ऐकल्यावर माझा लेख मला अपुरा वाटू लागला. आम्ही म्हणत होतो की हा चित्रपट बायकांना सोसायला शिकवतो. पण आजीला सोसायला चित्रपटाने शिकवले नव्हते. ती विद्या तिच्याजवळ आधीच होती. पडद्यावरच्या सासूला शिव्या देणाऱ्या त्या बाया मुकाट्याने धडा गिरवत नव्हत्या. त्या निवाडा करत होत्या. लक्ष्मीची चूक नाही, हे त्या मोठ्याने म्हणत होत्या. घरी जे बोलता येत नव्हते ते अंधारात, अनोळखी बायांच्या मध्ये बसून त्यांनी बोलून घेतले. 'न्याय' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता एवढेच. आम्ही वर्गात हसलो तेव्हा चित्रपटाला हसत आहोत असे आम्हाला वाटत होते. खरे पाहता आम्ही त्या ट्रॉलीतल्या बायांना हसत होतो.

तेव्हा माझे दुसरे मत असे की, चित्रपटाला मोजा, खुशाल मोजा, परंतु त्याला रडलेल्या माणसांना त्याच्याबरोबर निकालात काढू नका. चित्रपट वेगळा आणि त्याचा प्रेक्षक वेगळा. वाईट औषध घेणाऱ्याचा आजार खोटा नसतो.

तरीही याचा अर्थ चित्रपटाला माफी असा मी काढत नाही. उलट त्याच्यावरचा माझा आरोप आता अधिक गंभीर झाला आहे. इतक्या बायांचे अश्रू ज्याला मिळाले त्याने त्यांना बदल्यात काय दिले? एक साडी! आणि या साडीबद्दलच मला मुख्यतः लिहायचे आहे.

त्या दुपारी आई पुढे जे बोलली ते मी आधी कधी ऐकले नव्हते. आजोबा वारले त्यानंतर वर्षभराने मामाने आईला आणि मावशीला बोलावून घेतले. तिघे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेले. फोटो निघाले, अंगठे उमटले, सह्या झाल्या. तो कागद होता हक्कसोडपत्राचा. वडिलांच्या शेतातला आपला हिस्सा बहिणींनी स्वखुशीने भावाला सोडला, असा. येताना मामाने दोघींना एकेक साडी घेतली. घरी पुरणपोळीचे जेवण झाले. आईने ती साडी अजून फारशी नेसलेली नाही. ट्रंकेत आहे. तिने मला काढून दाखवली. मोरपंखी रंग, बारीक जर. "माह्या माहेरची साडी हाय ही," ती म्हणाली, आणि घडी नीट करून ठेवून दिली.

मामा वाईट माणूस नाही. त्याने कोणाला फसवले नाही. कागद काय आहे ते त्याने सांगितले होते. आमच्याकडे पाऊस लहरी, सोयाबीन आणि कपाशीचा भाव त्याहून लहरी. पाच एकराचे तीन तुकडे केले तर एकाचेही पोट भरत नाही, हे मामाचे म्हणणे खोटे नाही. सोसायटीचे कर्जही त्याच्याच डोक्यावर आहे. मी आईला विचारले, "तू नाही का म्हणाली नाहीस?" आई म्हणाली, "हिस्सा मांगतला असता त माहेर तुटलं असतं. वावर घेऊन काय करतीस बाई, दिवाईले जाशीन कुठी?"

या एका वाक्यात सारा व्यवहार आला. लेकीने हिस्सा मागू नये म्हणून माहेर आहे, आणि माहेर टिकावे म्हणून लेक हिस्सा मागत नाही. सासरी उद्या काही वाईट झाले तर चार दिवस टेकायला एक उंबरा असावा, एवढ्यासाठी बाई आपली जमीन सोडून देते. त्या सोडण्याची पावती म्हणजे माहेरची साडी. चित्रपटात लक्ष्मी जन्मभर जिच्यासाठी झुरते ती हीच साडी. तिला बापाचे घर नको, दार नको, फक्त माया हवी, असे दाखवून चित्रपट तिला थोर करतो. माया हवीच. पण भावाला माया आणि जमीन दोन्ही मिळतात. बहिणीला दोहोंतले एक निवडावे लागते. हे असे का, असा प्रश्न त्या टॉकीजमध्ये एकाही पात्राने विचारला असता, तर परतीच्या ट्रॉलीतले मौन कदाचित वेगळे असते.

कायद्याने याचे उत्तर एका दिवसात दिलेले नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलीला वारस केले, पण वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हक्क मुलग्यालाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ साली तो हक्क मुलींनाही दिला. मात्र कायदा येण्याआधी ज्यांची लग्ने झाली होती त्या लेकी त्यातून वगळल्या गेल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्न झालेली असो वा नसो, मुलगी मुलाच्या बरोबरीची ठरली. आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितले की, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असले पाहिजेत अशी अट नाही, कारण हा हक्क जन्माचा आहे. म्हणजे मोजपट्टी तयार आहे. सरकारी शिक्क्याची आहे. तिचा वापर मात्र हक्कसोडपत्राच्या एका सहीने थांबतो, आणि ती सही बाई 'स्वखुशीने' करते.

आमच्या भागातल्या शेतकऱ्यांना हे सगळे अगदीच परके आहे असेही नाही. १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालवली होती. घरच्या लक्ष्मीच्या नावावर थोडी तरी जमीन करून द्या, तिचे ऋण मान्य करा, असे त्यांचे सांगणे होते आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनी केल्या. योगायोग पाहा. एकीकडे गावात लक्ष्मीच्या नावाचा सातबारा निघत होता आणि त्याच सुमारास पडद्यावरची लक्ष्मी साडीसाठी झुरत होती. दोन्ही लक्ष्मी एकाच काळातल्या. पडद्यावरची लक्ष्मी घराघरांत लक्षात राहिली. सातबाऱ्यावरची आमच्या वर्गात कोणाला ठाऊकही नव्हती.

सुट्टीवरून परत आल्यावर मी वर्गात एक गोष्ट केली. ज्या मित्र-मैत्रिणींनी त्या दिवशी वाद घातला होता त्यांना विचारले, "तुमच्यापैकी किती जणांच्या आईच्या नावावर एक गुंठा तरी जमीन आहे?" दोन हात वर आले. "आणि किती जणांच्या आईने किंवा आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली आहे?" या प्रश्नावर हात वर करायला वेळ लागला, पण मग बरेच आले. चित्रपट बंद करा म्हणणाऱ्या मैत्रिणीचा हात त्यात होता, आणि काळच तसा होता म्हणणाऱ्या मित्राचाही होता. त्या दिवशी कोणी हसले नाही.

मित्रहो, आजची मोजपट्टी, आजची मोजपट्टी म्हणतो ती कोणती, हे आपण एकदा ठरवले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८५५ मुली होत्या. राज्याचा आकडा ८९४ होता. ज्या सिंदखेडराजाच्या जिजाऊंचे नाव घेऊन आपण भाषणांना सुरुवात करतो, त्याच जिल्ह्याचा हा आकडा. या हिशेबात कमी पडलेल्या मुली आज माझ्याच वयाच्या आसपासच्या असत्या. जन्माला येऊन अवलक्षणी ठरलेल्या लक्ष्मीला आपण जुनाट म्हणतो. पण ज्यांना जन्मूच दिले नाही त्यांची गोष्ट नव्या जमान्याची आहे. त्यासाठी यंत्र लागते आणि ते यंत्र आधुनिक आहे. म्हणून 'आजचे' ते सुधारलेले आणि 'कालचे' ते मागासलेले, ही वाटणी मला पटत नाही. १८८२ मध्ये ताराबाई आहेत, १९३७ मध्ये नीरा आहे, आणि आज हक्कसोडपत्र आहे. चांगल्या-वाईटाची रेघ वर्षांच्या मधून जात नाही.

मग जुन्या चित्रपटाचे करायचे काय? माझ्या अल्पमतीने तीन गोष्टी सुचतात. एक, तो बंद करू नये. बंद केलेल्या गोष्टीबद्दल माणसे विचार करीत नाहीत, फक्त चोरून आठवण काढतात. दोन, तो एकट्याने पाहू नये. आमच्या मराठी विभागाने एका शनिवारी 'कुंकू' दाखवावा आणि पुढच्या शनिवारी 'माहेरची साडी'. दुसऱ्या दिवशी आमच्या आयांनाही बोलवावे. त्या रडतील. त्यांना रडू द्यावे आणि मग चहा देऊन विचारावे की लक्ष्मीच्या जागी तुम्ही असता तर काय मागितले असते. त्यांची उत्तरे आमच्या समीक्षेपेक्षा कमी दर्जाची निघतील असे मला वाटत नाही. तीन, ज्या मोजपट्टीने पडदा मोजला तीच घरी नेऊन आपला सातबारा मोजावा.

हा तिसरा मुद्दा लिहिणे सोपे आहे. म्हणून शेवटी माझे स्वतःचे सांगते, नाहीतर हा लेख पोपटपंची ठरेल.

आमचे चार एकर वावर आहे. मला एक भाऊ आहे, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. माझ्या फीसाठी त्याने गेल्या उन्हाळ्यात जिनिंगवर काम केले. तो मला जीव लावतो. चित्रपटातल्या भावापेक्षा कमी नाही. आज ना उद्या एक कागद माझ्यापुढेही येईल. तो कागद आणणारा माझा हाच भाऊ असेल आणि त्याच्या हातात साडीची पिशवी असेल. तेव्हा मी काय करीन? वर्गात बोलते तेव्हा मला उत्तर माहीत असते. घरी चुलीपुढे बसून विचार करते तेव्हा आईचे "दिवाईले जाशीन कुठी" आठवते आणि उत्तर सापडत नाही. कदाचित वावर भावानेच कसावे, पण सातबाऱ्यावर माझेही नाव राहावे, असे मी म्हणेन. कदाचित तेवढे म्हणायलाही माझी जीभ रेटणार नाही. पण आतापासून एक ठरवले आहे. हा प्रश्न मी कागद आल्यावर काढणार नाही, आधीच काढीन. भांडण म्हणून नव्हे, बोलणे म्हणून. आईला तो बोलण्याची संधीच मिळाली नव्हती.

हा अंक छापून आला की मी तो गावी नेईन. आमच्या घरातल्या कोणाचे अक्षर छापून येण्याची ही पहिलीच वेळ. वडील तो शेजाऱ्यांना दाखवतील, आणि मग रात्री जेवणे झाल्यावर म्हणतील, "वाच बरं, काय लिवलं ते." मी वाचून दाखवीन, सगळे, हक्कसोडपत्राचे पानसुद्धा. समोर वडील असतील, भाऊ असेल, आणि भिंतीला टेकून आई बसलेली असेल. वाचून झाल्यावर आधी कोण बोलेल, ते मला आज सांगता येत नाही.